सिग्नलवरचा ठिपका

धाराशिव जिल्ह्यातील येडशी, तडवळे, ढोकी या गावांच्या शिवारांतून पूर्वी एक लहानशी आगगाडी जात असे. तिच्या दोन रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट होते. बार्शी लाइट रेल्वे हे तिचे नाव. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने ती उभारली. १८९७ साली ती प्रथम बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, येथून बार्शीपर्यंत धावू लागली. १९११ साली ती लातूरला जाऊन पोचली. १९५४ साली सरकारने ती विकत घेतली. पुढे रुंद रूळ टाकण्याचे काम निघाले आणि २००७ व २००८ या दोन वर्षांत लातूरपासून कुर्डुवाडीपर्यंतचा सारा मार्ग रुंद झाला. त्या वेळी मार्गही वळविण्यात आला. त्यामुळे पूर्वी ज्या धाराशिव शहराला गाडी शिवतही नव्हती, त्याला स्वतःचे स्टेशन मिळाले. अडीच फुटी गाडी मात्र त्या मार्गावरून कायमची गेली.

गेलेली गाडी पाहावयाची कशी? एक उपाय छायाचित्रांचा आहे. दुसरा उपाय प्रतिकृतीचा. खऱ्या गाडीच्या मापांचा ठरावीक हिस्सा धरून तिची हुबेहूब लहान आकृती करणे, हा जगभर आवडीने केला जाणारा उद्योग आहे. पुण्यास कोथरूड भागात जोशी यांचे लहान आगगाड्यांचे संग्रहालय १९९८ साली उघडले. तेथे एका दालनात स्टेशने, पूल, सिग्नल, रस्ते आणि दिवे यांसह एक आख्खे छोटे शहर मांडलेले आहे. पाहणाऱ्याचे डोळे आधी धावत्या इंजिनाकडे जातात. पण थोड्या वेळाने ते फलाटावरच्या बाकाकडे, हमालाकडे आणि सिग्नलच्या खांबाकडे वळतात. गाडी तर सगळीकडे गाडीच असते. ती कोणत्या गावात आली आहे, हे सांगतो तो भोवतालचा हा लहानसहान सरंजाम.

असा सरंजाम बनविणारे कारखाने युरोपात फार पूर्वीपासून आहेत. जर्मनीतील गोपिंगेन गावी मेर्कलिन हा कारखाना १८५९ साली निघाला. इंग्लंडमधील लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९२० साली चावीच्या आगगाड्या विकावयास आणल्या. त्यांच्याबरोबर पत्र्याची स्टेशने, सिग्नल, दिव्यांचे खांब, दुधाच्या बरण्या आणि शिशाचे ओतीव हमालही मिळू लागले. समजा, अशा सरंजामातील एखादा वीतभर उंचीचा सिग्नल तुमच्या घरच्या जुन्या पेटीत निघाला. बोटाएवढा त्याचा लाल हात अजून वरखाली होतो. फक्त खांबावर आणि हातावर कसल्याशा रंगाचे चार ठिपके पडलेले आहेत. हे ठिपके काढावे, असे कोणालाही वाटेल. ते कसे काढावे, याचा विचार आपण या पाठात करू. त्याआधी मात्र ते काढावे की नाही, हा प्रश्न आहे. आणि माझ्या मते तोच अधिक कठीण आहे.

खेळणे घरात असले म्हणजे त्यावर ठिपके पडावयाचेच. दिवाळीपूर्वी भिंतींना चुना देतात, दारांना तेलरंग लावतात. आपल्याकडे पोळ्याला बैलांची शिंगे रंगवितात, तेव्हा ब्रश झटकला की कोनाड्यातल्या वस्तूंवर शिंतोडे उडतात. कधी मूळ मालकानेच, म्हणजे तेव्हाच्या एखाद्या मुलाने, आपल्या हाताने खेळण्याचा उडालेला रंग भरून काढलेला असतो. आणि काही ठिपके तर कारखान्यातच मुद्दाम दिलेले असतात. हे चारही प्रकार दुरून सारखेच दिसतात.

सिग्नलचेच उदाहरण घेऊ. येणाऱ्या गाडीला थांबविणाऱ्या सिग्नलचा हात पुढून लाल असतो व त्यावर पांढरा पट्टा असतो. मागून तोच हात पांढरा असून त्यावर काळा पट्टा असतो. हात आडवा असला म्हणजे थांबा, आणि आपल्याकडील जुन्या सिग्नलांत तो खाली कलला म्हणजे या, असा त्याचा अर्थ. ज्याला हे ठाऊक नाही, तो हातावरील अर्धवट उडालेला पांढरा पट्टा चुन्याचा डाग समजून चोळून काढील. मग जो सिग्नल उरेल, तसा सिग्नल कोणत्याच रेल्वेवर कधी नव्हता. म्हणून वस्तू हातात घेण्यापूर्वी तिची खरी थोरली बहीण कशी दिसते, हे चित्रांतून पाहून घ्यावे.

त्यानंतर भिंग घ्यावे व वस्तू खिडकीपाशी न्यावी. उजेड समोरून न घेता एका बाजूने घ्यावा. म्हणजे उंचवट्यांच्या सावल्या पडतात. उडालेला थेंब पृष्ठभागावर उंच बसतो. त्याची कड गोल व जाडसर असते, आणि तो वेगाने आला असेल तर त्याला एका बाजूस शेपटी फुटलेली असते. कारखान्याचा रंग सपाट असतो. दुसरी खूण ओरखड्याची. खेळताना पडलेला ओरखडा मूळ रंगाला कापून जातो. परंतु ठिपका त्या ओरखड्याच्या वरून पसरलेला दिसला, तर तो नंतर पडला हे उघड आहे. तिसरी खूण सांध्याची. पत्र्याचे दोन तुकडे जेथे जोडले जातात त्या फटीवरून ठिपका सलग गेलेला असेल, तर तो जोडणीनंतरचा होय. पत्र्याची खेळणी पुष्कळदा आधी सपाट पत्र्यावर चित्र छापून मग कापून व वाकवून करीत. तेव्हा छापलेला रंग फटीवरून सलग जाऊच शकत नाही.

ठिपका उपरा आहे, इतके कळल्यावर पुढचा प्रश्न येतो: तो कशाचा आहे? हे समजण्यासाठी रंग वाळतो म्हणजे काय होते, हे पाहिले पाहिजे. आपण सारेच ‘वाळणे’ हा एकच शब्द वापरतो. पण प्रत्येक रंगाचे वाळणे निरनिराळे असते. खडूच्या भुकटीचा व सरसाचा भिंतीवरचा रंग वाळतो तो केवळ त्यातले पाणी उडून. त्याला पुन्हा पाणी मिळाले की तो बहुधा मऊ पडतो. चुन्याचे तसे नाही. विरलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू शोषून घेतो आणि त्याचा हळूहळू खडूसारखा दगड बनतो. तो पाण्यात विरघळत नाही. पण ठिसूळ असल्यामुळे तुटतो. सुतार लाकडावर जे पॉलिश करतो, त्यात स्पिरिटमध्ये विरघळविलेला चपडा, म्हणजे लाख असते. स्पिरिट उडून गेले की लाख मागे राहते. तिला पुन्हा स्पिरिट लावले की ती पुन्हा विरघळते.

तेलरंगाची गोष्ट सर्वांत न्यारी आहे. जुना तेलरंग जवसाच्या तेलात कालविलेला असे. हे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. ते हवेतील प्राणवायू घेते व त्याच्या कणांची एकमेकांशी जाळी विणली जाते. विणलेली जाळी पुन्हा सुटत नाही. म्हणूनच दारावरचा ओला रंग टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसला जातो. परंतु तोच रंग वर्ष-दोन वर्षांनी टर्पेंटाइनला दाद देत नाही. अशा जुन्या ठिपक्याला मऊ करील असे एखादे जहाल द्रव्य आपण आणलेच, तर ते खालच्या मूळ रंगालाही मऊ करील, कारण मूळ रंगही पुष्कळदा त्याच जातीचा असतो. शत्रू व मित्र एकाच वेषात उभे असताना बाण सोडावा तसा हा प्रकार आहे.

मग उपाय काय? सुदैवाने ठिपक्याच्या खाली एक गोष्ट असते आणि ती आपल्या बाजूने असते. ती म्हणजे धूळ. खेळणे कोनाड्यात पडून असताना त्यावर धुळीचा व हातांच्या तेलकटपणाचा पातळ थर बसतो. शिंतोडा त्या थरावर पडतो. त्यामुळे तो मूळ रंगाला पुरता चिकटलेला नसतो. त्याला विरघळविण्याची गरज नाही. त्याला खालून सोडविले की पुरे.

याची रीत अशी. प्रथम कोरड्या मऊ ब्रशाने वस्तूवरची सुटी धूळ ओल्या फडक्यावर झाडून घ्यावी. एका बारीक काडीला कापूस गुंडाळून लहान बोळा करावा. कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन-तीन थेंब टाकावेत. बोळा त्यात बुडवून पिळून घ्यावा आणि आधी वस्तूच्या तळाच्या आतील बाजूस, जेथे कोणाची दृष्टी जाणार नाही अशा ठिकाणी, हलकेच फिरवावा. कापसाला खेळण्याचाच रंग लागला, तर तेथेच थांबावे. तो रंग पाण्याला भिणारा आहे, आणि आपले काम संपले. रंग लागला नाही, तर ठिपक्याच्या कडेकडेने बोळा फिरवावा व जागा लगेच कोरड्या कापसाने टिपावी. पत्रा हा लोखंडाचा असून त्यावर कथलाचा केवळ मुलामा असतो. जेथे तो खरवडला गेला असेल, तेथे पाणी राहिले की गंज धरतो.

खडूच्या रंगाचे ठिपके एवढ्याने निघून जातात. तेलरंगाचा ठिपका बहुधा राहील. त्यावर गोड्या तेलाचा एक लहानसा थेंब ठेवावा व वस्तू एक दिवस तशीच ठेवावी. तेल ठिपक्याला विरघळवीत नाही; परंतु त्याच्या कडेच्या फटींतून आत शिरते आणि वरून काडी घसरली तरी ओरखडा उठू देत नाही. दुसऱ्या दिवशी बांबूची काडी तिरकी तासून तिचे टोक ठिपक्याच्या कडेला टेकवावे आणि आडवे, अगदी थोडे ढकलावे. वरून दाबू नये. कित्येकदा ठिपका टिकलीसारखा अखंड उडतो. तो उडाल्यावर खाली मूळ रंग आपल्या जुन्या चकाकीनिशी दिसतो, कारण इतकी वर्षे त्या ठिपक्यानेच त्याला उन्हापासून झाकलेले असते! अशा वेळी उलटाच घोटाळा होतो. डाग गेला, पण त्याच्या जागी भोवतालपेक्षा गडद असा एक टिकलीएवढा तुकडा उरला. त्याला उपाय नाही, आणि तो शोधूही नये.

बांबूच का? कारण तो त्या रंगापेक्षा मऊ आहे. सुई, ब्लेड, चाकू यांचे टोक रंगापेक्षा कठीण. ते हात चुकण्याची वाटच पाहत असते. बाभळीचा काटा आपल्याकडे कुंपणाकुंपणाला मिळतो व तो टोकदारही असतो. पण या कामी तोसुद्धा नको. काम करताना काडीचे टोक बोथट होऊन मोडले, तर ते चांगले लक्षण समजावे. काडी मोडली, रंग वाचला.

चुन्याचा ठिपका याच काडीने कोरडाच तुटतो. तो जाण्यासाठी लिंबू किंवा चिंच लावण्याचा मोह होईल, कारण पितळेची भांडी चिंचेने लखलखतात हे आपण घरी पाहतो. आंबट रसाने चुना विरघळतो, हे खरे आहे. परंतु तोच रस लोखंडालाही खातो, आणि जस्ताच्या ओतीव भागांना तर अधिकच वेगाने खातो. राख, रांगोळी किंवा भांडी घासण्याची पूड यांचे नावही काढू नये. छापील पत्र्यावरचा रंगाचा थर अतिशय पातळ असतो. पाच-सहा वेळा घासताच खालचा पांढरा पत्रा दिसू लागतो.

स्पिरिटही निरुपद्रवी नाही. जुन्या खेळण्यांवर छापील चित्राच्या वर पुष्कळदा वार्निशाचा हात दिलेला असतो. सुताराच्या लाखेची हकिगत वर सांगितलीच आहे. त्या जातीचे वार्निश असेल तर स्पिरिट लागताच ते दुधासारखे पांढरे पडते किंवा सुटून येते. नंतरच्या काळातील प्लॅस्टिकच्या सरंजामाला तर थिनर आणि नखांचा रंग काढावयाचे द्रव्य यांपासून दूरच ठेवावे. ती द्रव्ये ठिपका व प्लॅस्टिक असा भेद करीत नाहीत. फलाटावरच्या बाकावर थेंब पडला, तर क्षणात बाक वितळून चिकट होतो व बोटाचा ठसा त्यावर कायमचा उमटतो. प्लॅस्टिकला साबणाचे पाणी आणि बांबूची काडी, एवढेच औषध.

आता जी गोष्ट सांगावयाची ती खेळण्याच्या रक्षणाची नाही, तुमच्या रक्षणाची आहे. जुन्या रंगांत शिसे घालीत असत, आणि जुने ओतीव हमाल व प्रवासी तर शिशाचेच असत. शिसे पोटात गेले तर विषासारखे बाधते, आणि लहान मुलांना अधिक बाधते. म्हणून असे काम घरातील मोठ्या माणसाच्या देखतच करावे. खाली कागद पसरावा. रंग खरवडून भुकटी करू नये व ती फुंकरीने उडवू नये. काम चालू असता काही खाऊ नये. संपल्यावर कागद व कापूस गुंडाळून टाकावा आणि हात साबणाने स्वच्छ धुवावेत. ज्या खेळण्याचा मूळ रंग खपल्यांनी सुटत आहे, त्याचा ठिपका काढण्याच्या भरीसच पडू नये. टर्पेंटाइन व स्पिरिट चटकन पेट घेतात; त्या बाटल्या मोठ्यांनीच हाताळाव्यात.

चार ठिपक्यांपैकी तीन निघाले आणि चौथा हटत नाही, असे हटकून होते. तीन यशांनी हाताला धीट केलेले असते. याच वेळी बहुतेक खेळणी बिघडतात. चौथा ठिपका राहू द्यावा. ठिपका असलेला सिग्नल उद्याही साफ करता येईल. रंग गेलेल्या सिग्नलाला तो रंग कोणी परत देऊ शकत नाही. नवा रंग देता येईल, पण तो नवाच असेल.

वस्तुसंग्रहालयांतील जाणते लोक याच चालीने चालतात. धाराशिवपासून फार दूर नसलेल्या तेर गावी रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभे राहिलेले सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. तेर म्हणजे प्राचीन तगर नगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषेतील प्रवासग्रंथाने तगरचा उल्लेख केला असून, तेथील माल गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जाई असे सांगितले आहे. या गावच्या मातीतून निघालेल्या वस्तूंत मातीच्या लहान लहान मूर्ती आहेत. त्यांपैकी काही दोन साच्यांत पुढची व मागची बाजू वेगवेगळी दाबून नंतर जोडलेल्या आहेत. अशा मूर्तीच्या कानाच्या पाळीत किंवा केसांच्या वळणात सुमारे दोन हजार वर्षांची माती अडकलेली असते. ती सगळीच निपटून काढावी असे नाही. काही माती काढताना मूर्तीचा मूळ लेपही निघून येईल, तर काही मातीवरून मूर्ती कोठे पडून होती हे अभ्यासकाला कळेल. म्हणून ते थोडे काढतात, थांबतात, पाहतात. घाई करणारा मनुष्य त्या कामावर टिकत नाही.

खेळण्यालाही असा इतिहास असतो. समजा, लिव्हरपूलहून आलेल्या एखाद्या पत्र्याच्या स्टेशनावर मूळचे इंग्रजी नाव खोडून त्यावर कोणी मुलाने वेड्यावाकड्या पांढऱ्या अक्षरांत ‘येडशी’ असे रंगविले आहे. संग्राहक म्हणेल, हा डाग आहे. हा काढल्यास किंमत वाढेल. कारखान्याच्या दृष्टीने तो डागच होय. पण ज्या मुलाने तो काढला, त्याने विलायती स्टेशन आपल्या मुलखात आणले होते. त्याच्या खोलीत येडशीला गाडी थांबत असे. बाहेर अडीच फुटी रूळ उखडले गेले, तरी या पत्र्यावर ते स्टेशन अजून उभे आहे. अशा ठिकाणी मी तरी बांबूची काडी खाली ठेवीन. कोणी वेगळे ठरवील, तर त्याने निदान आधी त्याचे छायाचित्र घेऊन ठेवावे.

ठिपके काढून झाल्यावर एक शेवटचे काम राहते, आणि ते बहुतेक जण विसरतात. सिग्नल रात्रभर सावलीत वाळू द्यावा. उन्हात ठेवू नये. गोड्या तेलाचा अंश कोठे राहिला असेल, तर तो साबणाच्या बोळ्याने पुसून घ्यावा. नाही तर तेच तेल काही महिन्यांनी चिकट होऊन नवी धूळ धरते. हात वरखाली करून पाहावा. मग एका चिठ्ठीवर तारीख घालून लिहावे: खांबावरचे तीन ठिपके, बहुधा शिंगांच्या रंगाचे, साबणाचे पाणी, तेल व काडी यांनी काढले, हातावरचा चौथा ठेवला आहे. चिठ्ठी पेटीत सिग्नलच्या खाली ठेवावी, म्हणजे तुमच्यानंतर जो कोणी भिंग घेऊन खिडकीपाशी बसेल, त्याला तो चौथा ठिपका कारखान्याचा की पोळ्याचा, हे नव्याने शोधावे लागणार नाही.